शेवटी काय बसवलं होतं?

माझे भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वजनकाटे दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं त्यांनी हे एकच काम केलं आणि ते चोख केलं, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच वाईट बोलणार आहे.

त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून बाक, बाकावर दिवा, आणि लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेली पितळी वजनं. त्या वजनांना बोट लावायची कुणाला परवानगी नव्हती. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं म्हणे, म्हणून ती चिमट्याने उचलायची. छताला पंखा होता, पण तो चालू केलेला मी कधी पाहिला नाही. वाऱ्याने पारडं हलतं. भर उन्हाळ्यात गिऱ्हाईक घामाने निथळत उभं राहायचं आणि भावजी एका डोळ्याने काट्याच्या टोकाकडे बघत बसायचे. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "घाम पुसा, पण फुंकर मारू नका."

वाण्याचे, रद्दीवाल्याचे, सोनाराचे, दवाखान्यातले, असे सगळे काटे त्यांच्याकडे यायचे. कुणी काटा घेऊन आलं की भावजी आधी काट्याकडे बघायचेच नाहीत. माणसाकडे बघायचे आणि विचारायचे, "शेवटी काय बसवलं होतं?"

"काही नाही हो. आपोआप बिघडला."

"आपोआप काही होत नाही. आठवा."

मग तो माणूस डोकं खाजवायचा आणि हळूच बाहेर यायचं, की पारडं नवीन टाकलंय, किंवा साखळीची कडी बदललीय, किंवा मेव्हण्याने कुठूनशी स्प्रिंग आणून लावलीय. भावजी तो भाग काढायचे. दहातले नऊ काटे तेवढ्याने ताळ्यावर यायचे. काढलेला भाग ते टाकून देत नसत. त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची, तिच्यावर 'काढलं' आणि तारीख लिहायची, आणि तो खणात ठेवायचा. महिन्या-दोन महिन्यांनी स्वतः जाऊन काटा पुन्हा तपासायचा. बरोबर निघाला की चिठ्ठीवर लाल पेन्सिलीने 'ठीक' लिहायचं आणि भाग भंगाराच्या डब्यात. आणखी एक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

हे नियम ते घरातही चालवायचे, याचा मला राग यायचा. ताई रुसली की ते पाच मिनिटं विचार करायचे, मग जाऊन म्हणायचे, "शेवटी मी काय बोललो? गाजराबद्दल बोललो. ते मागे घेतलं." आणि ताई हसायची. त्यांच्या संसारात एकही भांडण संध्याकाळपर्यंत टिकलं नाही, हे मला कबूल करावं लागतं. माझ्या स्वतःच्या संसारात भांडणं वर्षानुवर्षं मुक्कामाला असतात.

त्यांची ताईशी गाठ पडली तीही काट्यामुळेच. आमचे वडील दुकान चालवायचे आणि भावजी तेव्हा नुकतेच धंद्यात पडले होते. काटा तपासून त्यांनी वडिलांना तोंडावर सांगितलं, "तुमचा काटा तुमच्या बाजूचा आहे." वडिलांच्या नाकावर राग कायमच बसलेला. त्यांनी भावजींना हाकलायला हात वर केला आणि मागे गल्ल्यापाशी बसलेली ताई फिसकन हसली. ती रोज हेच सांगत होती आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं. आपल्या बाजूने बोलणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला, आणि तिने त्याला सोडला नाही.

ताई म्हणजे नुसती धावपळ. ती घरी शिलाई करायची, शाळेच्या गणवेशाचे शर्ट. मी त्याच शाळेच्या ऑफिसात कारकून, म्हणून ऑर्डर माझ्यामार्फत यायच्या. शाळा उघडायच्या आधीच्या महिन्यात ती दिवसाला नऊ-नऊ शर्ट काढायची आणि वर मला म्हणायची, "छोटे, तुझी पोरं वर्षभर वाढतात का फक्त जूनमध्ये?" त्यांना मूलबाळ नव्हतं. घरभर कॉलर आणि बाह्या पसरलेल्या असायच्या.

पन्नासाव्या वर्षी ताईला मधुमेह निघाला. भावजींनी तो असा अंगावर घेतला की जणू एखादा नाजूक काटाच दुरुस्तीला आलाय. साखर मोजायचं छोटं यंत्र आणलं. आणल्या दिवशी ते प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहिलं. रोज सकाळी ताईच्या बोटाला टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा आणि आकडा वहीत लिहायचा. वहीला खाकी कव्हर. "अहो, मी बायको आहे की सोनाराचा काटा?" ताई म्हणायची, आणि बोट पुढे करायची. सहा-सात वर्षं साखर बऱ्यापैकी ताब्यात राहिली. ते श्रेय मी त्यांचंच मानते.

मग ताई हळू झाली. एकदम नाही, म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही. नऊचे सात शर्ट झाले, सातचे चार. जेवण कमी आणि वजन जास्त. भर दुपारी शाल. केस गळून कपड्यांत सापडायचे, शाळेतून एकदा तक्रारही आली. आवाज घोगरा झाला. फोनवर मला वाटायचं भावजीच बोलतायत. आणि या सगळ्याला आमच्याकडे एकच उत्तर तयार होतं. साखर. थकवा आला, साखर. पाय जड झाले, साखर. साखरेच्या माणसाला दुसरं काही होतच नाही अशी आमची समजूत होती. मी तर त्याहून पुढची. मला वाटायचं ती आळशी झालीय, आणि मला जे वाटतं ते मी बोलून दाखवते.

शेवटी एकदा ती बसल्या जागी शिवता शिवता झोपली आणि सुई बोटातून गेली, तेव्हा आम्ही तिला नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तिचा चेहरा बघितला, गळ्याला हात लावला, घोट गिळायला सांगितलं, गुडघ्यावर ठोकून पाहिलं, आणि रक्त तपासायला पाठवलं. चार दिवसांनी कागद आले.

"थायरॉइड खूप कमी काम करतंय," बाई म्हणाल्या. "गळ्यात पुढे ही ग्रंथी असते. सगळ्या शरीराची चाल ती ठरवते. ती मंदावली की सगळंच मंदावतं. मधुमेह असलेल्यांमध्ये हे जास्त दिसतं. आणि लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून वर्षातून एकदा तपासून घ्यायला हवं. तुमचं कधीच झालेलं नाही."

मला बरं वाटलं. आजाराला नाव मिळालं की अर्धं काम झालं असं वाटतं. गोळी लिहून दिली. सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा तास. मग बाईंनी ताईला वजन बघायला कोपऱ्यातल्या काट्यावर उभं केलं.

तो उभं राहायचा काटा होता, गोल तबकडीचा. ताई चढली, बाईंनी आकडा लिहिला, ताई उतरली आणि बाईंसमोर जाऊन बसली. पण काटा शून्यावर परत आला नाही. दीड किलोवर थांबला. भावजींना एवढं पुरे होतं.

"मॅडम, हा दीड किलो जास्त दाखवतोय."

"हो का? बरेच दिवस असेल मग."

"म्हणजे इथे आलेला प्रत्येक माणूस दीड किलोने जाड लिहिला गेलाय." त्यांच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं. "पाच मिनिटं. बघू का?"

बाई हसल्या आणि हो म्हणाल्या. भावजी गुडघ्यावर बसले, खिशातून पेचकस काढला. माझी मान खाली गेली. मी त्यांच्याजवळ जाऊन कुजबुजले, "उठा भावजी, काय हे, लोकांच्या दवाखान्यात." ते म्हणाले, "बडबडू नकोस, वर उभी राहा." मी उभी राहिले. त्यांनी आकडा वाचला आणि म्हणाले, "यातून दीड वजा केले तरी काळजीचंच आहे." मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून मी त्या काट्यावर हसत उभी होते, काटा थरथरत होता आणि भावजी "हलू नकोस, हलू नकोस" करत होते. मागे बाई टेबलापाशी ताईला काहीतरी सांगत होत्या. ताई मान हलवत होती. त्या दिवसांत ताई कशालाही मान हलवायची.

काटा शून्यावर आला. आम्ही घरी आलो.

गोळीने ताईला उठवलं. तीन आठवड्यांत आवाज तिचा तिचा झाला. पाचव्या आठवड्यात शाल खुंटीला गेली. मी संध्याकाळी ऑफिसातून येताना गल्लीच्या तोंडाशीच मशीनचा आवाज ऐकला आणि तशीच उभी राहिले. किती दिवसांनी तो असा न थांबता येत होता. आत गेले तर म्हणाली, "उभी काय, बटणं लाव." मी बटणं लावली आणि माझे डोळे भरून आले. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

आणि वहीतली साखर वाढायला लागली. एकशे चाळीसच्या आसपास असायची ती एकशे साठ, एकशे ऐंशी, मग दोनशे. भावजींची भूक उडाली. ताईचं खाणं तेच, औषधं तीच. यंत्र बिघडलं म्हणून त्यांनी दुसरं यंत्र आणलं. तेही तेच दाखवत होतं. दवाखान्यात गेले तर डॉक्टरीणबाई रजेवर, त्यांच्या जागी बदलीचा डॉक्टर, आणि बाहेर रांग. त्याने वही उलटली, आकडे बघितले आणि सकाळचं इन्सुलिन सुरू केलं. महिन्याने या म्हणाला. थायरॉइडबद्दल त्याने विचारलं नाही आणि भावजींनी सांगितलं नाही, कारण साखर आणि गळा यांचा काही संबंध असेल असं आमच्या डोक्यातच नव्हतं.

इंजेक्शन भावजी स्वतः द्यायचे. सिरिंज उजेडात धरून, रेघेवर डोळा लावून, एका युनिटचा फरक नाही. तरी साखर म्हणावी तशी उतरेना. एका रविवारी मी गेले तर ते बाकावर वही उघडून बसले होते आणि चेहऱ्यावर तो दुकानातला भाव होता.

"छोटे, शेवटी काय बसवलं होतं?"

"इन्सुलिन," मी म्हटलं.

"ते बिघाड झाल्यावर. बिघाड व्हायच्या आधी शेवटी काय बसवलं?"

मी वहीकडे बघितलं. गोळी सुरू झाल्याची तारीख त्यांनी समासात लिहिली होती. तिथून खाली आकडे पायरी-पायरीने चढत गेले होते. शाळेतल्या लहान पोरालाही दिसलं असतं. गळ्याची ती गोळी सुरू झाली आणि साखर बिघडली. मला तर ते बघून त्यांचं कौतुक वाटलं. एवढे डॉक्टर, एवढ्या तपासण्या, आणि खरं कारण एका काटे दुरुस्त करणाऱ्याने शोधून काढलं. मी म्हटलं, "यंत्रातलं तुम्हाला कळतं, भावजी." हे शब्द माझे आहेत. ते मी मागे घेऊ शकत नाही.

नको म्हणाली ती एकटी ताईच. मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "पण मला त्या गोळीने बरं वाटत होतं हो."

"बरं वाटणं म्हणजे मोजमाप नव्हे," भावजी म्हणाले. प्रेमानेच म्हणाले. "साखर डोळे खाते, किडनी खाते. महिनाभर काढून बघू. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. इन्सुलिन आहे तेवढंच ठेवू, म्हणजे कळेल."

"तुम्ही म्हणता तर," ताई म्हणाली.

बाटलीला चिठ्ठी बांधली गेली आणि बाटली दुकानातल्या खणात गेली.

आणि साखर उतरली. पहिले दोन आठवडे काही नाही, मग हळूहळू एकशे सत्तर, दीडशे, एकशे तीस. भावजींना पुन्हा भूक लागायला लागली. महिन्याची दवाखान्याची तारीख आली तेव्हा म्हणाले, आकडे सुधारतायत, आता मध्येच हलवायला नको, बाईंचा वेळ कशाला घ्या. पुढच्या महिन्यातही तेच म्हणाले. आकडे खरंच सुंदर होते.

शाल पुन्हा खुंटीवरून उतरली. थंडीचे दिवस होते, म्हणून आम्ही ते थंडीवर ढकललं. ताईच्या पापण्या सुजलेल्या दिसायला लागल्या. बोलता बोलता मध्येच थांबायची आणि पुढचा शब्द यायची वाट बघत बसायची. शाळेतून अकरा शर्ट परत आले. एका बाजूची बाही दुसऱ्या बाजूला लावलेली. मुख्याध्यापिकेने मला बोलावून सुनावलं आणि मी ते सगळं व्याजासकट ताईला सुनावलं. ती म्हणाली, "हो गं, चुकलं." पूर्वीची ताई असती तर तिने माझी खरडपट्टी काढली असती.

भावजींना मी एकदा म्हटलं, "ताई सुजलीय हो."

"आकडे बघ," त्यांनी वही पुढे केली. ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. पंच्याऐंशी.

मी आकडे बघितले. मग ताईकडे बघायचं राहून गेलं.

थंडीच्या अखेरच्या एका रविवारी ते दुकानात जाऊन आले. येताना हात मळलेले, चेहरा खुललेला. दारातूनच म्हणाले, "लिहून टाकलं. ठीक." ताई स्टोव्हपाशी शाल गुंडाळून बसली होती. स्टोव्ह विझून बराच वेळ झाला होता, तिच्या ते लक्षात नव्हतं. तिने त्यांच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला, पण चेहरा हलायला वेळ लागला. मी म्हटलं, "ऊठ ना जरा, ताई. काय हा आळस. माणूस एवढं करतोय तुझ्यासाठी."

मंगळवारी शाळा अर्धी होती. दीड वाजता मी ताईकडे गेले, परत आलेले शर्ट उसवायला मदत करावी म्हणून. दार उघडं होतं. ती मशीनवर होती. कपाळ शर्टाच्या पाठीवर टेकलेलं, पाय पायडलवर, हात मांडीत. मी हाक मारली, मग हलवलं. तिचा गाल इतका गार होता की माझा हात आपोआप मागे आला.

दुकान दोन घरं सोडून. भावजी धावत आले आणि त्यांनी आधी यंत्र काढलं. बोट टोचलं. चौतीस. त्यांनी आकड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चुकतंय हे." दुसरं यंत्र काढलं. पुन्हा टोचलं. सदतीस. ते पहिलं यंत्र पुन्हा हातात घ्यायला लागले तेव्हा मी ते त्यांच्या हातातून हिसकावून फेकलं आणि शेजाऱ्यांना गाडी बोलवायला ओरडले. आकडा खरा होता. चाळीस वर्षांत त्या माणसाने खोट्या काट्यांशीच जास्त व्यवहार केला होता.

इस्पितळात शिरेतून साखर दिली. आकडा वर आला. एकशे दहा, एकशे तीस. भावजी नर्सच्या यंत्रावरचा आकडा बघून म्हणाले, "आली बघ, आता उठेल." ती उठली नाही. अंगाचं तापमान चढेना, नाडी मिनिटाला चाळीस. तिथला तरुण डॉक्टर तिच्या पापण्या बघत होता.

"यांना थायरॉइडचा त्रास आहे का?"

"होता," भावजी म्हणाले. "गोळी बंद केली."

"कुणी?"

"मी."

 डॉक्टरने नर्सला घाईने कुठली कुठली औषधं सांगितली, आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं.

ताई चौथ्या दिवशी सकाळी गेली. मध्ये एकदा तिने डोळे उघडले होते, पण कुणाकडे बघितलं नाही.

तिला इस्पितळात नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना कळलं होतं आणि त्या स्वतः इस्पितळात आल्या होत्या. बाकावर आमच्यामध्ये बसून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. थायरॉइड मंद असतं तेव्हा शरीर साखर कमी सोडतं आणि इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं. त्यामुळे आकडा खोटाच खाली दिसतो. गोळी सुरू झाली की शरीर जागं होतं, आणि मग साखरेचं औषध थोडं वाढवावं लागतं. ते चांगलं लक्षण असतं. "आणि गोळी बंद केली, इन्सुलिन तेवढंच राहिलं, तर..." त्या थांबल्या.

"म्हणजे साखर आटोक्यात आली नव्हती," भावजी म्हणाले.

"नाही. त्या मंदावत होत्या."

 "हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, मॅडम."

"मी सांगितलं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी. साखर वाढेल, घाबरू नका, गोळी बंद करू नका, मला कळवा. कागदावरही लिहिलं होतं."

"तेव्हा मी कुठे होतो?"

 बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मला बोलावं लागलं.

"काट्यापाशी," मी म्हटलं. "आपण दोघं काट्यापाशी होतो, भावजी."

त्यानंतर मी त्यांच्याशी चार महिने बोलले नाही. मला वाटत होतं हा राग आहे. तो होताच. दिवसभर ऑफिसात मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायचे. तुमची वही, तुमचे नियम, तुमचं ते शून्य. बरं वाटणं म्हणजे मोजमाप नव्हे म्हणालात, मग दुसरं काय असतं मोजमाप? ती सांगत होती तिला बरं वाटतंय म्हणून. भांडण रंगात आलं की दर वेळी एका जागी येऊन अडायचं. तिथे मी तोंडात पदर कोंबून हसत उभी असायचे.

मग मुख्याध्यापिकेने मला शाळेचा काटा दुरुस्तीला द्यायला सांगितलं, आरोग्य तपासणीचा. दुसरा दुरुस्तीवाला गावात होता, पण माझे पाय तिकडे वळले नाहीत.

दुकान उघडं होतं. पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती पंखा. पंखा चालू होता, जोरात. बाकावरच्या काट्यांची पारडी डुलत होती आणि काट्यांची टोकं इकडून तिकडे फिरत होती. पितळी वजनं पेटीबाहेर पडलेली, त्यांच्यावर बोटांचे ठसे. भावजी खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली. एक रद्दीवाला काटा घेऊन उभा होता आणि आपणहून सांगत होता, "भाऊ, मी नवीन स्प्रिंग बसवली आणि तेव्हापासून हा असा करतोय."

"राहू दे ती," भावजी म्हणाले. "काढू नका."

"पण काटा चुकतोय ना."

"असू दे. चुकू दे."

रद्दीवाला माझ्याकडे बघत बघत काटा उचलून निघून गेला. मी शाळेचा काटा खाली ठेवला. कोपऱ्यातला झाडू घेतला. मला राग आला की मी झाडते आणि रडू आलं तरी झाडतेच. बाकाखाली भंगाराचा डबा होता. तो कडेला ओढताना त्यात खुळखुळ झालं. लोखंडाचा आवाज नव्हता तो.

शंभर गोळ्यांची बाटली, अर्धी भरलेली. झाकणाखाली दोरा, दोऱ्याला चिठ्ठी. 'काढलं', आणि तारीख. खाली लाल पेन्सिलीने, ठसठशीत, 'ठीक'. आणि त्या रविवारची तारीख. माझ्या मनात आलं ती पदराखाली लपवावी आणि बाहेर नेऊन गटारात फेकावी. पण भावजी उठून मागे आले होते.

त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली. चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, जशी ते काट्याची रेघ वाचायचे तशी वाचली. पंख्याच्या वाऱ्याने ती हलत होती, म्हणून दुसऱ्या हाताने धरली.

"छोटे," ते म्हणाले, "मी हे लिहून घरी आलो तेव्हा तू होतीस ना? ती काय करत होती गं तेव्हा? मला आठवतच नाही. मी बघितलंच नाही बहुतेक."

मला आठवत होतं. विझलेला स्टोव्ह, शाल, आणि मी तिला काय म्हणाले ते.

"शिवत होती, भावजी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठीची सुटत आलेली गाठ पुन्हा घट्ट बांधली.